मुकी गाडी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत भाऊसोंचं वर्कशॉप होतं. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीच्या, यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या. आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी भरायची, हे काम दीक्षाचं. दोन वर्षांची असताना ताप आला तो तिचे दोन्ही पाय घेऊन गेला, डाव्या हातातली ताकदही निम्मी करून गेला. पण उजव्या हाताची बोटं अशी चालायची, की तिनं भरलेली मोटार परत आली असं भाऊसोंना कधी आठवत नव्हतं. जमिनीवर पोत्याची घडी, समोर मोटारीचं पोट उघडं, आणि दीक्षा दिवसभर त्यात डोकं घालून बसलेली. काम तिला आवडायचं. कामावर येणं मात्र तिच्या हातात नव्हतं.

तिचा बाप धोंडीबा तिला सायकलीच्या कॅरिअरवर बसवून आणायचा. सूतगिरणीत वॉचमनकी करून तो निवृत्त झाला होता. सकाळी लेकीला सोडायचं, संध्याकाळी परत न्यायचं, एवढीच त्याची आता ड्युटी. दीक्षाला आठवतं तेव्हापासून तिनं जग बघितलं ते कुणाच्या तरी पाठीमागून. आधी शाळेत नेणाऱ्या कपिलदादाची पाठ, मग बापाची. सदऱ्याचा घामेजलेला चौकोन आणि त्याच्या दोन बाजूंनी सरकणारा रस्ता.

एका पावसाळी सकाळी मागून ट्रक आला, धोंडीबाचा तोल गेला आणि बापलेक दोघं चरीत पडली. दीक्षाला खरचटण्यावर भागलं. धोंडीबाचा गुडघा मात्र सुजला तो पुन्हा सरळ झालाच नाही.

"बास झालं आता," दीक्षाची आई येसूबाई म्हणाली. "पोरगीबी जायाची न् नवराबी. घरात बसा दोघंबी."

दीक्षा घरात बसली आणि इकडे भाऊसोंच्या वर्कशॉपात मोटारींचा ढीग लागला. चार-पाच दिवस त्यांनी कळ काढली. मग स्वतः टेम्पो घेऊन दारात आले.

"धोंडीबा, तुझी सायकल न्हाई तर न्हाई. आपण तिलाच गाडी करू या. पेट्रोलची न्हाई, किक कोण मारणार? बटरीवरची."

भंगारातून मोपेडचं पुढचं धूड आणलं. मागं दोन चाकांचा सांगाडा जोडला, मध्ये रुंद सीट, सीटखाली ट्रकच्या दोन बॅटऱ्या. बंद पडलेल्या कारखान्यातली एक जुनी मोटार मिळाली. ती दीक्षानं स्वतः भरली. ब्रेक दोन्ही हातांना न देता एकट्या उजव्या हाताला दिला. वर्कशॉपातले सगळे महिनाभर त्या गाडीभोवतीच होते. शेवटी एका संध्याकाळी दीक्षाला उचलून सीटवर बसवलं, तिनं मूठ पिळली, आणि गाडी निघाली. आवाज नाही, धूर नाही. फक्त चाकाखालची खडी कुरकुरली.

वसाहतीतल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी नाव ठेवलं, मुकी गाडी.

पहिल्या आठवड्यात ती घर ते वर्कशॉप, वर्कशॉप ते घर एवढंच गेली. मग एक दिवस सुटल्यावर घराकडं वळायच्या चौकात तिनं हँडल वळवलंच नाही. सरळ गेली. सांगलीत शिरली, बाजारपेठेतून, टांग्यांच्या आणि हातगाड्यांच्या मधून वाट काढत कृष्णेच्या पुलावर पोचली. कठड्याशी गाडी लावून तिनं खाली पाणी बघितलं. तिच्यापुढं कुणाची पाठ नव्हती. तिला कसलं काम नव्हतं, कुणाला ती काही सांगून आली नव्हती. मनात आलं म्हणून आली आणि मनात येईल तेव्हा जाणार होती. शेजारी भेळवाला होता. त्यानं विचारलं, "ताई, कुणी यायचंय का?" ती म्हणाली, "न्हाई. मीच आलीया."

दिवेलागणीनंतर घरी आली तेव्हा येसूबाई दारात उभी.

"कुटं गेलतीस? कुणासंगं?"

"एकटीच," दीक्षा म्हणाली. तो शब्द तोंडात धरून ठेवावा असं तिला वाटत होतं.

त्यानंतर चारेक महिने चांगले गेले.

मग हरिबांचं झालं. हरिबा हे जत भागातले म्हातारे धनगर, वसाहतीत कामाला असलेल्या मुलाकडं राहायला आलेले. सगळी हयात मेंढरांमागं चालण्यात गेली. रस्त्यानं चालताना त्यांना मागं वळून बघायची सवय नव्हती. मागून बैलगाडी येते की ट्रक, कुत्रं येतं की लांडगा, हे ते कानानं बघायचे. त्या दिवशी कानानं काही सांगितलं नाही आणि ते रस्ता ओलांडायला वळले. दीक्षानं ब्रेक दाबला, हँडल ओढलं, तरी मागच्या चाकाची कड लागलीच. म्हातारे हातावर पडले. मनगट मोडलं.

गर्दी जमली. कुणी हरिबांना रिक्षात घातलं, कुणी दीक्षाला बोल लावला, कुणी तिच्या बाजूनं भांडला. पोलीस आला. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, मागं बघितलं, पुढं बघितलं.

"नंबर कुठाय?"

"नंबर न्हाई, साहेब."

"लायसन?"

"न्हाई."

"इन्शुरन्स?"

दीक्षानं नकारार्थी मान हलवली. असलं काही लागतं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पेट्रोलच्या गाडीला लागतं, एवढं माहीत होतं. ही काय, खेळण्यासारखी गाडी, असंच तिनं, धोंडीबानं, भाऊसोंनी, सगळ्यांनीच धरलं होतं.

गाडी चौकीच्या आवारात गेली. दोन पोलिसांनी दीक्षाला उचलून रिक्षात बसवलं. सीटवरून उचलताना तिचा हात मुठीवरून सुटेना. "सोडा ताई," एक पोलीस हळू आवाजात म्हणाला, तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपण अजून धरूनच ठेवलंय.

तिसऱ्या दिवशी हरिबा आपण होऊन घरी आले. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. धोंडीबा उठून उभा राहायला लागला तर म्हणाले, "बसा, बसा. पोरीला बगायला आलोया." दीक्षाला रडू आलं. तिनं त्यांचे पाय शिवायला हात पुढं केला, तर मागं सरकले.

"माजं हाड जुळंल गं. पर तुजी गाडी लय वंगाळ. भुतावानी येती. एक घुंगरू तरी बांदायचं हुतंस. मेंढराच्या गळ्यात आमी कशापायी बांदतो?"

"चुकलंच माझं, बाबा."

"मी पोलिसाला सांगितलंय, माजी कायबी तक्रार न्हाई. तरी त्यो म्हनतो, तुमची नसली तरी सरकारची हाय."

आणि खरंच सरकारची होती. हरिबांच्या मनगटाचं प्रकरण मिटलं, पण नंबर नसलेली गाडी, परवाना नसलेली बाई आणि नसलेला विमा, हे मिटेना. चौकीतल्या हवालदारानं सांगितलं, "आरटीओत जाऊन पासिंग करून आणा. कागद दाखवा, गाडी घेऊन जा. आम्हाला काय ती इथं ठेवून पूजा करायचीय?"

भाऊसोंनी टेम्पो काढला. सांगलीच्या आरटीओ कचेरीत लालासाहेब म्हणून निरीक्षक होते, डोक्यावर पातळ केस, बोलणं हळू. त्यांनी दीक्षासाठी स्वतःची खुर्ची टेम्पोपाशी आणायला लावली आणि आपण उभ्यानंच बोलले.

"इंजिन नंबर सांगा."

"इंजिन न्हाईच, साहेब. मोटार हाय."

"किती सीसीची?"

"मोटारीला सीसी नसतो."

"बरोबर." लालासाहेबांनी फॉर्म खाली ठेवला. "कंपनी कुठली?"

"मीच," भाऊसो म्हणाले. "म्हंजे आमच्या शेडात बनवली."

लालासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग समजावून सांगू लागले. जे वाहन आपल्या शक्तीनं रस्त्यावर चालतं ते मोटार वाहन. मग ते पेट्रोलवर चालो नाहीतर बॅटरीवर. मोटार वाहनाची नोंदणी झालीच पाहिजे. नोंदणी करायची तर त्या मॉडेलला मंजुरी हवी. मंजुरी पुण्याच्या चाचणी संस्थेतून मिळते, आणि ती मागायची गाड्या बनवणाऱ्या कंपनीनं. एकच गाडी बनवणाऱ्यानं ती कशी मागायची, याबद्दल नियमांत काही नाही.

"अपंगांच्या गाडीला सूट असती म्हणतात," दीक्षा म्हणाली.

"अपंगांची गाडी असा शब्द कायद्यात आहे. पण तिचीही नोंदणी लागते. आणि तिचा परवाना काढायचा तर नोंदलेल्या गाडीवर चाचणी द्यावी लागते."

"म्हंजे परवान्याला गाडी लागती, आणि गाडीला मंजुरी लागती."

"हो."

"मग ही मोटार गाडी न्हाईच असं लिहून द्या, साहेब. सायकल म्हणा. सायकलीपेक्षा जोरात जात न्हाई ती."

"तेही लिहिता येत नाही, ताई. पाय न मारता चालते ना." लालासाहेबांचा चेहरा खरोखरच पडला होता. "मी नाही म्हणतोय असं समजू नका. मला हो म्हणायला जागाच नाही. राज्य सरकारला सूट द्यायचा अधिकार आहे. मुंबईला अर्ज करा. तोवर पेट्रोलची घ्या, बाजूला चाकं लावून. तिला करून देता येईल काहीतरी."

किक मारायची गाडी तिच्या कामाची नव्हती. बटणावर सुरू होणारी नवी स्कूटर त्यांच्या घराच्या ऐपतीत बसत नव्हती. अर्ज मुंबईला गेला. अर्ज पोचल्याचं उत्तर आलं. पुढं काहीच आलं नाही. चौकीनं मात्र खटला कोर्टात पाठवला.

भाऊसोंचा टेम्पो काही दिवस दीक्षाला न्यायला यायचा, मग माल पोचवायला लांब जायला लागला. कधी यायचा, कधी नाही. पोलिसांनी भाऊसोंनाही तंबी दिली होती, गाडी बनवलीत तुम्ही, जबाबदारी तुमचीही आहे. ते आता दीक्षाशी बोलताना तिच्या डोळ्यांकडं बघत नसत. एके सकाळी टेम्पोची वाट बघत दुपार झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं केस विंचरले नाहीत.

कपिलदादा शिरवळच्या कारखान्यात होता. रविवारी आला, बहिणीची अवस्था बघितली आणि म्हणाला, "चल माझ्याकडं. हितं भिंतीकडं बघत बसण्यापरास तिथं माणसांत ऱ्हाशील."

शिरवळला त्याची खोली चाळीत वरच्या मजल्यावर होती. लोखंडी अरुंद जिना. कपिलनं तिला पाठीवर घेऊन वर नेलं, थबकत, धापा टाकत. खोलीत ठेवल्यावर म्हणाला, "आता खाली उतरायचं असलं की सांग." पण त्याच्या पाळ्या बदलत्या होत्या. घरी असला की झोपलेला असायचा. दीक्षाला कधी सांगावंसं वाटलं नाही.

गॅलरीतून हायवे दिसायचा. पुण्याकडं जाणारे, साताऱ्याकडं जाणारे. ट्रक, एसट्या, लक्झरी बसगाड्या, मध्येच उसाची बैलगाडी, टपावर गाद्या बांधलेल्या जीपगाड्या. एकदा एक माणूस साधं शिडीचं लाकूड खांद्यावर टाकून रस्त्याच्या कडेनं आरामात गेला, आणि दीक्षाला त्याचा इतका राग आला की तिनं मान फिरवली.

वहिनी आम्रपाली स्वभावानं चांगली होती. पॅकिंगच्या कामाला जायची, जाताना दीक्षाच्या हाताशी पाणी, भाकरी, निवडायची भाजी ठेवायची. पलीकडच्या खोलीत नवी माणसं राहायला आली, त्यातला एक दिवसाढवळ्या पिऊन दारं ठोकायचा. दुसऱ्या दिवशी आम्रपालीनं निघताना दार ओढून घेतलं, आणि बाहेरून कुलूप अडकल्याचा आवाज आला.

"वहिनी?"

"त्या मेल्याचा भरवसा न्हाई, वन्सं," बाहेरून आम्रपाली म्हणाली. "तुमाला तसंबी खाली जायाचं न्हाईच की. कुलूप असलं म्हंजे माझ्याबी जिवाला घोर न्हाई."

पावलं जिन्यावरून उतरत गेली. वहिनीचं चुकलं असं म्हणता येत नव्हतं. दार उघडं असतं तरी दीक्षा कुठं जाणार होती? पण त्या दिवशी तिनं भाजी निवडली नाही. सरपटत दारापाशी गेली, कडीला हात लावला, दार ओढून बघितलं. मग पुन्हा ओढलं. आम्रपाली संध्याकाळी आली तेव्हा दीक्षा दाराला पाठ लावूनच बसलेली होती.

कपिल पाळीवरून आला तसं ती म्हणाली, "दादा, मला कुपवाडला नेऊन सोड."

"आगं, तिथं करणार काय तू?"

"कोर्टाची तारीख हाय."

तारखेला भाऊसोंनी वकील दिला होता, आणि प्लास्टर निघालेला हात घेऊन हरिबाही आले होते. कुणी बोलावलं नव्हतं, तरी आले होते. दीक्षाला कपिलनं उचलून बाकावर बसवलं. मॅजिस्ट्रेटबाईंनी कागद वाचले, मग चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. तिनं आरोप कबूल केले. दंड झाला, तो भाऊसोंनी भरला. राहता राहिली गाडी.

"गाडी परत देता येईल," मॅजिस्ट्रेटबाई म्हणाल्या. "पण सार्वजनिक रस्त्यावर ती चालवणार नाही, असा बाँड लिहून द्यावा लागेल. द्याल?"

"कधीपर्यंत, बाई?"

"नोंदणी होईपर्यंत."

"ती व्हायची न्हाई म्हणतात."

मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग तोपर्यंत," त्या म्हणाल्या. आवाज कठोर नव्हता.

मागं बसलेले हरिबा उठून उभे राहिले. "बाईसाहेब, माजा हात बरा हाय. मला कायबी नगं. पोरीला जाऊ द्या." शिपायानं त्यांना खाली बसवलं.

दीक्षानं सही केली. आपल्याच हातानं, आपलंच नाव. सही करताना तिच्या मनात आलं, आजवर पायांनी अडवलं, मग नियमानं अडवलं, आणि आता आपला शब्दच आडवा येणार.

बाहेर आल्यावर वकिलानं एक वाट सांगितली. कायद्यात म्हणे असंही आहे, की कारखान्याच्या किंवा बंद आवाराच्या आतच वापरायची खास गाडी ही मोटार वाहन नव्हेच. आत कितीही फिरा, कुणी विचारणार नाही. भाऊसोंची शेड तर दोन खणांची, तिथं काय फिरणार? पण धोंडीबाच्या जुन्या सूतगिरणीत शंभरावर मोटारी होत्या, त्या भरायला माणूस हवं होतं, आणि गिरणीचं आवार एखाद्या वाडीएवढं होतं. भाऊसोंनी स्वतः जाऊन शब्द टाकला. आपला हातचा कारागीर गेला, तरी टाकला. गेटमागं वॉचमनची एक रिकामी खोली होती, ती दीक्षाला मिळाली. सणासुदीला आणि सुटीला टेम्पोनं घरी न्यायचं ठरलं.

चौकीच्या आवारात पावसापाण्यानं गाडी गंजली होती. तिनं पुन्हा मोटार उघडली, पुसली, भरली. हँडलला हरिबांनी दिलेलं घुंगरू बांधलं. गिरणीत गाडी चालू झाली.

सुरुवातीला बरं वाटलं. कापूसगोदामापासून बॉयलरपर्यंत, बॉयलरकडून कँटीनला वळसा घालून तिच्या मोटारी भरायच्या खोलीपर्यंत. भरलेली मोटार मागं ठेवायची आणि आपण होऊन पोचवून यायचं. पण आवार कितीही मोठं असलं तरी त्याला कड होती. चारी बाजूंनी उंच भिंत, वर काचा रोवलेल्या. कुठूनही निघालं तरी रस्ता गोल फिरून तिथंच यायचा. महिन्या-दोन महिन्यांत तिला प्रत्येक खड्डा पाठ झाला. गेटपाशी जमिनीत एक लोखंडी पट्टी होती, गेट सरकायला बसवलेली. गेटवरचा तात्याबा धोंडीबाच्या हाताखाली काम केलेला माणूस, मायेनंच सांगायचा, "दीक्षाबाई, पट्टीच्या अलीकडं बरं का."

पाळी सुटली की बाया भराभरा गेटबाहेर पडायच्या. कुणी चप्पल फटफटत, कुणी डबा हलवत, बोलत, भांडत. दीक्षा पट्टीच्या अलीकडं गाडी लावून बघत राहायची. त्यांची शेवटची साडी दिसेनाशी झाली की वळायची आणि भिंतीच्या कडेनं परत यायची. शिरवळला कुलूप डोळ्यांना दिसत तरी होतं. इथं गेट सताड उघडं, तिच्या हाताखाली चालणारी गाडी, आणि ती अडकलेली. रागवायचं कुणावर? लालासाहेबांवर? त्या मॅजिस्ट्रेटबाईंवर? हरिबांवर तर नाहीच. हळूहळू तिनं चकरा मारणं सोडलं. कामापुरती गाडी, नाहीतर खोली.

उन्हाळ्यात एका दुपारी बनाबाई धावत आली. ती सुताच्या लडी करणाऱ्या रीलिंग खात्यात होती, दीक्षाच्याच वस्तीत राहायची.

"दीक्षे, तुजा बा न्हाणीत घसरून पडला. शुद्धीवर हाय, डॉक्टर येऊन गेला. पर तुजं नाव घेतोय."

दीक्षा गाडीवर होती तशीच गेटकडं निघाली. घुंगरू वाजत होतं. तात्याबा पुढं आला, तिचं तोंड बघून मागं सरला. पट्टीपाशी मात्र तिचा उजवा हात आपोआप ब्रेकवर गेला. गाडी थांबली. घर तिथून असं लांब नव्हतं. धडधाकट माणूस एक विडी संपेस्तोवर चालत जाईल एवढंच. भाऊसोंचा टेम्पो मिरजेला गेलेला. दुपारच्या उन्हात वसाहतीत रिक्षा फिरकत नव्हती. आणि कोपऱ्यावर झाडाखाली पोलीस उभा होता, नेहमीसारखा.

"जा की गं," बनाबाई म्हणाली. "बा हाय तुजा. कोन फाशी देतंय?"

"सही केलीया मी."

"मग?"

दीक्षानं एकदा रस्त्याकडं बघितलं. मग वाकली, सीटखाली हात घातला आणि बॅटरीची तार ओढून काढली. तार मांडीवर ठेवली.

"आता ही आपल्या आपण चालत न्हाई," ती म्हणाली. "ढकलशील?"

बनाबाईनं पदर खोचला. कँटीनपाशी बसलेल्या दोघी-तिघींना हाक मारली. चौघींनी मिळून गाडी पट्टीवरून बाहेर काढली तेव्हा दीक्षाचे डोळे गच्च मिटलेले होते. कोपऱ्यावर पोलिसानं हात केला. गाडीभोवती फेरी मारली. दीक्षानं मांडीवरची तार वर धरली. त्यानं तार बघितली, घामानं निथळणाऱ्या बाया बघितल्या, आणि हातानं जा म्हणून खूण केली.

धोंडीबा खाटेवर पडला होता, कपाळाला पट्टी. लेक दारात दिसताच म्हणाला, "गाडीवर आलीस? सुटली व्हय गाडी?"

"न्हाई आबा. ढकलत आणली बायांनी."

तो इतका हसला की येसूबाईनं त्याला दटावलं, टाके तुटतील म्हणून. हसता हसता मग त्यानं तोंड फिरवलं.

बापाजवळ कुणीतरी हवंच होतं. दीक्षानं गेटमागची खोली सोडली आणि घरी राहायला आली. वस्तीतल्या बायांच्या पाळ्या तिच्या पाळीशी जुळवून घ्याव्या लागल्या. सकाळी तार काढलेली गाडी ढकलत न्यायची, गेटच्या आत गेली की तार जोडायची, संध्याकाळी पट्टीपाशी पुन्हा काढायची. ती तार काढताना तात्याबा रोज दुसरीकडं बघायचा. बाया आपसात पाळी लावायच्या, कधी कुरकुरायच्या, कधी त्यांच्या पिशव्याही गाडीवर यायच्या. दीक्षाला त्याचं ओझं वाटायचं. एखाद्या दिवशी बनाबाई दमलेली दिसली की ती म्हणायची, "मी ऱ्हाते आतच," आणि बनाबाई कावून म्हणायची, "गप बस गं." आता पाठीमागं माणसांचे श्वास, पुन्हा कुणाच्या तरी ताकदीवर जाणं. नाही म्हणायला एक फरक होता. पुढं कुणाची पाठ नव्हती आणि हँडल तिच्या हातात होतं.

मुंबईहून अजून काही आलं नव्हतं.

पाऊस संपल्यावर ओढ्याकडचा रस्ता खडी टाकून नवा केला. वस्तीकडं तो जवळचा, पण ओढ्याकडं चांगला उतार. त्या संध्याकाळी बनाबाई आणि तिच्या जोडीची लक्ष्मी बोलण्यात गुंग होत्या, गिरणीच्या नव्या सुपरवायझरची नक्कल चालली होती. उतार सुरू झाला तशी गाडी हाताला हलकी लागू लागली. बनाबाईचा हात निसटला.

"आगं, धर, धर!"

दीक्षाच्या हाताखाली ब्रेक होता. तिनं बोटं त्यावर ठेवली, दाबली मात्र नाहीत. गाडी चालू लागली. मांडीवर सुटी तार, सीटखाली मुक्या बॅटऱ्या, आणि चाकं आपसूक फिरत होती. वाऱ्यानं पदर मागं उडाला, घुंगरू खणखणायला लागलं. रस्त्याच्या कडेनं शेळ्या घेऊन चाललेल्या एका पोरीनं आवाजासरशी वळून शेळ्या आत ओढल्या. दीक्षाच्या तोंडून कसला तरी आवाज निघाला, हसू की ओरडणं ते तिचं तिलाही कळलं नाही. बाभळी मागं गेल्या, मोरी मागं गेली, मागच्या बायांच्या हाका लांब पडत गेल्या.

ओढ्यापाशी उतार संपला. गाडी मंदावली, आणखी मंदावली, आणि पलीकडच्या चढाच्या तोंडाशी थांबली. दीक्षानं ब्रेक दाबून धरला, नाहीतर मागं घसरली असती. समोर चढ होता, त्याच्यावर वस्तीची पहिली घरं, त्यांतलं तिसरं तिचं. तार मांडीवरच होती. जोडली असती तर दोन मिनिटांत पोचली असती. रस्त्यावर पोलीस नव्हता, कुणीच नव्हतं.

तिनं तार बघितली, डाव्या हाताच्या बोटांत फिरवली, आणि पुन्हा मांडीवर ठेवली. मागून बाया पळत येत होत्या, अजून बऱ्याच लांब. त्या येईपर्यंत ती ब्रेक धरून बसून राहिली.